दांडीवाली आणि बोल्टवाली

मी डावखुरी आहे हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. जेवते उजव्या हातानं, तेवढं आईनं फटके देऊन शिकवलं. बाकी खडू, सुई, विळा सगळं डाव्या हातात. आणि रायफलसुद्धा. शाळेत गणित शिकवणारी, दोन लेकरांची आई रायफल चालवते म्हटल्यावर जानेफळात पहिलं वर्ष लोक माझ्याकडे बघून कुजबुजायचे. दुसऱ्या वर्षी विचारायला लागले, "मॅडम, दहा किती लागले?" म्हणजे मधल्या दहा गुणांच्या ठिपक्यात किती गोळ्या बसल्या. आता तर सामन्याहून आले की चहाच्या टपरीपाशी थांबून हिशेब दिल्याशिवाय सुटका नाही.

हे वेड मला माझ्या नणंदेनं लावलं. ती माझ्याच वयाची, गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून राहते. कृषी खात्यात नोकरी करते, मोटरसायकलवर बांधांबांधांनी फिरते. मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी. कॉलेजात असताना एनसीसीत तिनं गोळ्या झाडलेल्या. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खदानीत रायफल क्लब निघाला तेव्हा ती पहिल्या दिवशी स्वतः गेली आणि दुसऱ्या दिवशी मला ओढून घेऊन गेली.

"चाल वं वहिनी, एकडाव मारून तं पाह्य. घरात नुसती माह्या भावावर डाफरत राह्यतं."

मी सतरंजीवर पालथी पडले. ताईनं पट्टा दंडाला आवळून दिला. श्वास अर्धा सोडला, चाप दाबला, आणि पन्नास मीटरवरच्या कागदात काळ्या गोलाच्या आत भोक पडलं. मी किंचाळले. क्लबचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते मागून म्हणाले, "बाई, रेंजवर ओरडायचं नसते." मी म्हटलं, चुकलं, आणि पुढच्या गोळीला पुन्हा किंचाळले. त्या दिवशी रात्री झोपेत माझं बोट हलत होतं असं नवरा सांगतो.

काका म्हणजे मोठे शेतकरी, सोयाबीन, हरभरा, वर थोडी कपाशी. क्लबच्या रायफली रीतसर परवान्यावर त्यांच्याच घरच्या लोखंडी कपाटात कुलपात असतात. त्या रायफलींत आमच्या गोष्टीपुरत्या दोनच महत्त्वाच्या. दोन्ही लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, दोघींचं काडतूस एकच, दोघींत एका वेळी एकच गोळी भरायची. फरक एवढाच की दार कसं उघडतं.

माझी दांडीवाली. काकांच्या वडिलांच्या काळातली, विलायती, खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याचा रंग हातांनी काळा पडलेला. तिला चापाच्या खाली एक दांडी असते. दांडी खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा पुढून खाली झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. काडतूस अंगठ्यानं आत सारायचं, दांडी वर घ्यायची, ठोकळा वर येऊन तोंड बंद करतो. टक्. काय आवाज आहे तो! दांडी बरोबर मधोमध, त्यामुळे उजवा हात असो की डावा, तिला काही देणंघेणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू हातात घेतली आणि ती उलटी वाटली नाही. कातरी उलटी, शाळेतली बाकं उलटी, शिलाईची मशीन उलटी. ही सरळ. मी तिच्या प्रेमात पडले नसते तरच नवल.

ताईची बोल्टवाली. दाराची जुनी सरकती कडी असते ना, मूठ वर करून मागे ओढायची, पुढे ढकलून खाली पाडायची, अगदी तेच. कडी मागे घेतली की काडतूस ठेवायला जागा होते, पुढे नेली की ते आत जातं, मूठ खाली पाडली की कुलूप. सगळं झकास, फक्त मूठ उजव्या अंगाला. उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी केलेली वस्तू. माझा डावा हात दस्त्याच्या मानेवर, उजवा पट्ट्यात अडकलेला. मूठ धरायची तर डावा हात रायफलीवरून पलीकडे टाकावा लागतो. एकदा करून पाहिलं आणि सोडून दिलं.

मग तीन वर्षं आमचा वाद चालला. खदानीत, टपरीवर, आलुबोंडे खाताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एका मयतीला गेलो असताना, हळू आवाजात.

मी म्हणायची, माझ्या रायफलीची पेटी, म्हणजे ठोकळ्याभोवतीचं पोलादी घर, बंद. वर बोल्टासारखी उघडी खाच नाही, सोयाबीन काढणीच्या दिवसांत हवेत एवढं कुटार, म्हणजे भुसा, उडतं, त्याचा कणसुद्धा आत जात नाही. हालचाल इवलीशी, चाप दाबला की लगेच गोळी सुटते, मधे हात हलायला वेळच मिळत नाही. ताई म्हणायची, "बंद पेटी, बंद पेटी काय करतं वं? आत काय बिघडलं थे दिसते का तुले?" मग ती एक कळ दाबून अख्खा बोल्ट मागून काढायची आणि माझ्या नाकासमोर धरायची. "हे पाह्य. आता नळीतून पलीकडलं आभाय दिसून राह्यलं. मागून फडकं घाल, पुढून काढ, झालं साफ. तुही साफ करायची तं पुढच्या तोंडातून गज घालावा लागते. ठोकळा काढाले हातोडी पाह्यजे, खिळा ठोकून काढा लागते. रायफल होय का बैलगाडी?"

यावर उत्तर होतं, पण ते मला रात्री भांडी घासताना सुचायचं. आणि पालथं पडून दांडी खाली ओढली की ती जमिनीला टेकते, हे तिला बरोबर माहीत होतं. दर गोळीला मला कोपरावर उठून जरासं कुशीवर व्हावं लागायचं. "म्हशीवानी लोळतं तू," ती सगळ्यांसमोर म्हणायची. मी चिडले की माझा नेम सुधारतो अशी तिची थिअरी होती. खोटी आहे. मी चिडले की फक्त चिडते.

काकांचं तिसरंच. रानडुकरं शेतात शिरतात म्हणून त्यांच्याकडे नळी मोडायची दुनळी बंदूक. मधून मोडली, दोन काडतुसं टाकली, सरळ केली. "दोघी वेड्या आहात तुम्ही," ते म्हणायचे, "दुनळीची एक नळी रुसली तं दुसरी हाय. बोल्ट नाई, दांडी नाई, अंधारात बी भरता येते." ताई म्हणाली, हाव, पण पन्नास मीटरवरच्या बटणाएवढ्या गोलाला लावून दाखवा. काका मग आपोआप भरणाऱ्या रायफलीचं स्वप्न सांगायला लागायचे. ती आपल्यासारख्यांना परवान्यावर मिळत नाही, आणि मिळाली तरी गरम टरफलं उजवीकडे फेकते, म्हणजे माझ्यासारखीच्या थेट तोंडासमोरून. मला नको. माझा नवरा या सगळ्यात एकच प्रश्न विचारायचा, "मी जेऊ का?"

वाद हसण्यावारी होता तोवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी त्याला धार आली. जिल्ह्याच्या सामन्यात महिलांत जी पहिली येईल ती राज्यावर जाणार, एकच जागा. दरवर्षी ती चिखलीकडची एक मुलगी घेऊन जायची. तिला पुण्याला नोकरी लागली. म्हणजे जागा रिकामी, आणि दावेदार कोण तर आम्ही दोघी. राज्याची रेंज! तिथं म्हणे यंत्रावर गुण दिसतात, कागद मोजावे लागत नाहीत. आम्ही दोघींनी ते मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलं आणि दोघींचाही चहा गार झाला. ताईला तिथं जायचं होतं, कॉलेजात असल्यापासून. मलाही जायचं होतं. आम्ही ते एकमेकींना सांगितलं नाही, पण त्या महिन्यात म्हैस म्हणणं बंद झालं.

सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी, बुलढाण्याला. दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीवर गेलो होतो, लेकरांसह, तिचं घर आणि माझं घर एकाच गाडीत. त्यामुळे मधल्या दिवसांत सराव नाही. काडतुसंही मोजून मिळतात, ती सामन्यासाठी राखून ठेवलेली. रविवारी पहाटे काकांनी कपाटातून रायफली काढून जीपमध्ये ठेवल्या आणि आम्ही निघालो. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंज्या, मळणी यंत्रं धूळ ओकत होती. चिखलीच्या पुढं गार वारं लागलं.

ताईचा नंबर पहिल्या फेरीत, माझा दुसऱ्या. पोचल्या पोचल्या तिनं सवयीनं बोल्ट बाहेर काढला आणि नळी आभाळाकडे धरली.

"माय वं! तांदूय!"

खरंच. बोल्टाच्या खाचेत कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे, एक झेंडूची पाकळी, आणि बोल्टाच्या दांड्यावर हळद तेलात कालवून झालेला पिवळा लेप. आम्ही दोघी काकांकडे वळलो.

काकांना समजेचना की यात विशेष काय. "खंडेनवमी नाई का झाली? पूजा केली. तुम्ही नागपूरच्या गडबडीत होत्या, म्हणून म्या एकट्यानं केली. हळदकुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला."

"पण आत कशा गेल्या अक्षता?"

"आत म्हणजे? रायफल टेबलावर ठेवली तं तोंड उघडं ठेवाचं, हा आपला नियम होय ना? पूजा हाय म्हणून नियम मोडू का?"

नियम त्यांनीच भिंतीवर रंगवून घेतलाय: रायफल खाली ठेवताना तोंड उघडं. सगळ्या रायफली ओळीनं, तोंडं आ वासून, आणि वरून काकांनी मनोभावे मूठभर अक्षता. बिचाऱ्यांनी धर्मही पाळला आणि रेंजचा नियमही. मी पोट धरून हसले. ताईनं फुंकर मारली, फडक्यानं बोल्ट पुसला, नळीतून फडकं ओढलं, बोल्ट परत घातला. चहा उकळायलाही जास्त वेळ लागतो.

"वहिनी, तुहीबी पाह्य."

"माझी पेटी बंद असते," मी म्हटलं. मला वाटलं, दांडीवालीच्या बाजूनं यापेक्षा मोठा पुरावा आज मिळणार नाही. मी आत बोट घालून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही, आणि मी विजयी मुद्रेनं दांडी वर केली. टक्.

ताई त्या दिवशी अशी खेळली की मी तिच्यामागे उभी राहून दुर्बिणीतून बघताना स्वतःचा सामना विसरले. चाळीस गोळ्या. मूठ वर, मागे, पुढे, खाली, आणि मग ती दगडासारखी स्थिर. फळ्यावर गुण लागले. तिच्या आसपासही कोणी नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली नाही, पण कान लाल झाले होते. आता तिला गाठू शकणारी रेंजवर एकच बाई उरली होती, आणि ती मी.

दुसरी फेरी. पालथी पडले, पट्टा आवळला. आधी चाचणीच्या गोळ्या असतात, त्या गुणांत धरत नाहीत. पहिली बरी लागली, फक्त दांडी वर घेताना कसंतरी वाळू चावल्यासारखं वाटलं. दुसरीही लागली. तिसऱ्या वेळी दांडी अर्ध्यावर आली आणि अडली. मी जोर लावला. कर्र असा आवाज झाला, दातांखाली खडा यावा तसा, आणि दांडी ना वर, ना खाली.

तांदूळ ठोकळ्याखाली शिरला होता. माझ्या बंद पेटीत बाहेरून काही जात नाही हे खरं, पण आत गेलेलं बाहेरही येत नाही. हातोडी आणि खिळा काढायला तिथं कोण बसलंय! मी हात वर केला. पंच आले, त्यांनी बघितलं, काडतूस सुखरूप काढून घेतलं आणि म्हणाले, "दुसरी रायफल असेल तर बदलता येईल. आणून तपासून घ्या. वेळ मात्र वाढवून मिळणार नाही."

काका मागे डोक्याला हात लावून बसले होते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काकांचा राग, दाण्याचा राग, स्वतःच्या त्या विजयी मुद्रेचा सगळ्यात जास्त. मी मान वळवून ताईकडे पाहिलं. ती फळ्यावरच्या स्वतःच्या गुणांकडे बघत होती. तिच्या हातात तिची रायफल, पिशवीची चेन अर्धी लावलेली. तिनं ती चेन पूर्ण लावली असती तर कोणी तिला काही म्हटलं नसतं. मीसुद्धा नाही. राज्याची जागा तिचीच होती.

तिनं चेन खाली ओढली.

"घे," ती म्हणाली.

"ताई, अगं तू..."

"घे म्हणलं ना. वेळ चालला. गप पड."

पंचांनी रायफल तपासली आणि मी पुन्हा पालथी. मूठ उजवीकडे. डावा हात मानेवरून उचलला, रायफलीच्या वरून पलीकडे टाकला, मूठ वर, मागे. काडतूस ठेवलं. पुढे, खाली. पहिली चाचणी उजवीकडे गेली. ताईचा डोळा आणि माझा डोळा एक नाही. नेम धरायची दर्शिका चार टिचक्या फिरवली. दुसरी आत. तिसरी दहात!

मग मला कळलं, आणि कळलं तेव्हा मी जवळजवळ मोठ्यानं बोलले. मी कुशीवर होत नव्हते. हात वरून पलीकडे जात होता, खांदा थोडा सुटत होता, पण कोपर जागचं हललं नव्हतं. तीन वर्षं मी ज्या हालचालीला वाकडी म्हणत होते ती दांडी ओढण्यापेक्षा कमी हलवणारी होती. घाई नसते तेव्हा मूठ कुठल्या बाजूला याला काय अर्थ? एक गोळी, मग श्वास, मग दुसरी गोळी. कोणी मागे लागलेलं नाही.

वीस झाल्या. तीस झाल्या. घाम पापणीवर आला तो तसाच राहू दिला. आजूबाजूला गोळ्यांचे आवाज चालू होते, मला फक्त तो बोल्ट ऐकू येत होता. किती छान आवाज होता तोही, आणि मी तो कधी ऐकूनच घेतला नव्हता! शेवटच्या पाच गोळ्यांना मी इतकी आनंदात होते की मला भीती वाटली, हसले तर नेम हलेल. नाही हलला.

कागद मोजून झाले. फळ्यावर माझे गुण लागले. ताईपेक्षा दोन जास्त.

मी किंचाळले. रेंजवर ओरडायचं नसतं. काका नाचायचेच बाकी होते, बहुधा सुटका झाल्याच्या आनंदानं. मग मी ताईला शोधलं. ती जीपच्या मागच्या फळीवर बसली होती.

"माह्याच रायफलीनं मले पाडलं," ती म्हणाली. मी तिला मिठी मारली. तिनं मारू दिली, पण तिचे हात मांडीवरच राहिले.

आम्ही परत निघालो. चिखली गेल्यावर काका म्हणाले, "पुढच्या वर्षी तोंडं बंद ठेवूनच पूजा करू." एरवी ताई यावर महिनाभर हसली असती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि तो तोंडावरून पुसता येत नव्हता. तिच्या शेजारी असं तोंड घेऊन बसणं फार अवघड गेलं. पण मी आनंद नाही असं दाखवलं असतं तर तिनं मला गाडीतून ढकलून दिलं असतं, हेही खरं.

काकांच्या ओसरीवर माझा नवरा आम्हाला न्यायला येऊन थांबला होता. एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ, त्यामुळे त्यानं चेहरा मधोमध ठेवलेला.

"मंग? कोण जिंकलं?"

ताईनं पिशवी खाली ठेवली.

"बोल्ट जिंकला," ती म्हणाली.

तो हसला, मग तिचं तोंड बघून थांबला आणि गाडी बघतो म्हणून बाहेर गेला. काका माझी दांडीवाली, हातोडी आणि खिळा घेऊन आत गेले, आतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. ताईनं ओसरीवर फडकं पसरलं, तेलाची बाटली काढली. रायफल साफ केल्याशिवाय ती कपाटात जाऊ देत नाही. मला वाटलं आता मी जावं. उठले तर तिनं पदर ओढला.

"कुठं चालली? बस इथं."

बसले. तिनं कळ दाबून बोल्ट काढला, माझ्यासमोर धरला, परत घातला. मग रायफल माझ्या मांडीवर दिली.

"आता तू काढ."

मी उजवा हात पुढे केला.

"उजव्यानं कायले? तिथं का हात बदलून नेणार हाय? डाव्यानं काढ."

मी डाव्या हातानं चाचपडत कळ शोधली. बोल्ट अर्धा आला आणि अडकला. तिनं माझ्या बोटांवर बोटं ठेवून कळ थोडी खाली दाबली, आणि तो सर्रकन बाहेर आला.

"आता घाल. अंधारात बी घालता आला पाह्यजे. काही अडकलं, काही बिघडलं, तं हे तुलेच करा लागन. राज्यावर मी नाई राह्यणार तुह्यासंग." शेवटच्या शब्दांना तिनं मान फिरवली. बोटं मात्र माझ्या हातावरच होती.

मी बोल्ट आत घातला.

"पुन्हा," ती म्हणाली.